कोगनोळी नाक्याच्या अलीकडे दोन हजार, पलीकडे दीड हजार

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे. या भाऊबीजेला घरात एक हिशोब निघाला, तो डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय.

आमचं गाव निपाणीच्या बाजूला, कर्नाटकात. आक्का दिली कागलला, कोगनोळी नाक्यापलीकडं महाराष्ट्रात. आमची मंडळीही कागल तालुक्यातलीच. साटंलोटं नव्हे, पण झालं तसंच. ओवाळणी झाली, जेवणं झाली आणि दोघी ओट्याला टेकून चहा घेत बसल्या. विषय पैशाचा. हिच्या खात्यावर कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीचे महिन्याला २०००, आक्काच्या खात्यावर महाराष्ट्राच्या लाडक्या बहिणीचे १५००. आक्का म्हणाली, "मी ह्या घरात जन्मले आणि पाचशे मलाच कमी होय?" हिनं बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "वन्सं, मी तिकडंच राहिले असते तर मला पण दीडच की."

वाद तिथंच मिटला. मला मात्र रात्री झोप येईना. दोघी एकमेकींच्या राज्यात नांदायला गेल्या आणि दोघींचं सरकार बदललं. रेशन कार्ड बदललं, लाईट बिल बदललं (आमच्यात २०० युनिटपर्यंत माफ), एसटीचं भाडं बदललं.

भाड्याचं तर ऐकाच. आई धाकट्याकडं पुण्याला जाते. गावातून निपाणीपर्यंत तिला झिरो तिकीट, म्हणजे ११ जून २०२३ पासूनची कर्नाटकाची शक्ती योजना. आधार दाखवायचं, बसायचं. पण कर्नाटकाची पुण्याची गाडी धरली की पूर्ण तिकीट, कारण आंतरराज्य गाडीला शक्ती नाही. मग ती महाराष्ट्राच्या लाल गाडीची वाट बघत स्टँडवर बसते. त्या गाडीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण फक्त महाराष्ट्राच्या हद्दीत. कंडक्टर मशीनमधून दोन चिठ्ठ्या काढतो, हद्दीपर्यंतची पूर्ण आणि पुढची अर्धी. आई दोन्ही चिठ्ठ्या चष्म्याच्या डबीत जपून ठेवते. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "येताना भांडायला."

आता मुद्द्याचं. घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्याची, सामाईक. शेती, पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमीन, दारूवरचा कर ही कामं राज्याची. त्यामुळं दोन राज्यं वेगळी वागतात ती काही चूक होऊन नव्हे, तशीच मांडणी आहे. सीमेवरचा माणूस ही मांडणी रोज बघतो. बाकीच्यांना ती निवडणुकीच्या भाषणात दिसते.

आमचा एक चुलतभाऊ ग्रुपवर रोज टाकतो, "एक देश, एक योजना, एक दर करून टाका, कटकट मिटेल." मला ते पटत नाही. का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. बोला.

उद्यमबागेतला_लेथवाला

कटकट मिटण्याबद्दल आम्हाला विचारा. बेळगावात आमचं छोटं मशीन शॉप आहे, माल निम्मा कोल्हापूरकडं जातो. १ जुलै २०१७ च्या आधी काय होतं? राज्याबाहेर माल विकला की दोन टक्के केंद्रीय विक्रीकर, तोही समोरच्यानं सी फॉर्म दिला तर. नाही दिला तर पूर्ण दरानं आमच्या बोडक्यावर. त्या फॉर्मसाठी मी शिरोलीला इतक्या चकरा मारल्यात की तिथला चहावाला मला अकाउंटंट समजायचा. जीएसटी आला, सी फॉर्म गेला. एकसारखेपणाचा हा फायदा मी नाकारणार नाही.

पण तिथंही सगळं एक झालं असं समजू नका. ई-वे बिल (गाडीबरोबर लागणारी मालाची ऑनलाइन पावती) राज्याच्या आतल्या आत कर्नाटकात ५० हजारांच्या वर लागतं, महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. आणि जीएसटी परिषदेत केंद्राचं मत एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, ठराव व्हायला तीन चतुर्थांश पाहिजे. म्हणजे केंद्र नको म्हणालं तर काही होत नाही, आणि केंद्र एकटं काही करू शकत नाही. राज्यांनी आपला कर लावायचा हक्क त्या टेबलावर ठेवलाय. शिल्लक मोठं असं काय उरलं? पेट्रोल, डिझेल आणि दारू. म्हणून तर जून २०२४ ला कर्नाटकानं इंधन साधारण तीन रुपयांनी वाढवलं आणि नाक्याजवळच्या पंपवाल्यांचे चेहरे उतरले. गृहलक्ष्मी, शक्ती, फुकट लाईट ह्या हमी योजनांचा पैसा कुठून तरी काढायला लागणारच की.

तंबाखूचं_पान

आमच्यात लाईट फुकट, तुमच्यात नाही. पण वादळ आलं की दोन्हीकडं जाते. एवढी राष्ट्रीय एकात्मता आहे.

कर्वे_रोड

धागालेखकाचा चुलतभाऊ बरोबर बोलतोय. ही विविधता वगैरे काही नाही, ही खैरातीची स्पर्धा आहे. एका राज्याने दोन हजार दिले की दुसरे दीड हजार देणार, निवडणूक आली की एकवीसशेची भाषा. शेवटी रस्त्यांना पैसा नाही. दिल्लीत एकदाच ठरवा आणि देशभर लागू करा.

वेदगंगाकाठ

@कर्वे_रोड, खैरातीचा मुद्दा अर्धा मान्य. पण दिल्लीत "एकदाच ठरवायला" आधी कुणीतरी कुठंतरी करून बघायला लागतं की हो.

रोजगार हमी घ्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं ती धरून ठेवली, १९७७ ला कायदा केला. सांगलीकडच्या वि. स. पागेंची ती कल्पना. त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. तुमच्या पगारातून अजून कापतात ना, तो. देशभर कायदा व्हायला २००५ उजाडलं. उलट बाजूनं बघा. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री आणि नझीरसाब पंचायत मंत्री असताना १९८७ ला जिल्हा परिषद आणि मंडल पंचायतींच्या निवडणुका झाल्या, बायकांना २५ टक्के जागा. ७३ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. माहितीचा अधिकार तमिळनाडूत १९९७ ला, केंद्रात २००५ ला.

ह्यातलं एकही दिल्लीनं आधी करून बघितलं नव्हतं. सगळं तिथूनच ठरायचं असतं तर पागेंना कुणी विचारलं असतं?

कर्वे_रोड

चांगली उदाहरणे निवडलीत. न जमलेल्या प्रयोगांची यादीही द्या मग.

वेदगंगाकाठ

देतो की. महाराष्ट्रातल्या महापालिकांची जकात. कर्नाटकानं १९७९ लाच जकात काढून टाकली. तुमच्याकडं नंतर कितीतरी वर्षं ट्रक नाक्यावर उभे. पण न जमलेला प्रयोग एका राज्यापुरता राहिला, आणि शेजारी बघून शहाणपण घ्यायची सोय राहिली. देशभर एकदम चुकलं असतं तर बघायला शेजारी कुठला आणायचा?

दोन_एकर_ऊस

चिक्कोडी तालुका. तुम्ही सगळे फार हुशार बोलताय, पण उसाचा विषय काढल्याशिवाय सीमाभागातला धागा पूर्ण होत नाही.

उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं. २०२५-२६ ला क्विंटलला ३५५, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. हा सगळ्या देशाला एकच दर. मग भांडण कशाचं? एफआरपी म्हणजे तळ. त्याच्यावर किती, पहिला हप्ता कधी, तोडणी-वाहतूक किती कापणार, हे सगळं कारखाना, राज्य सरकार आणि रस्त्यावर बसलेला शेतकरी यांच्यात ठरतं. उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणात तर राज्य स्वतःचा वेगळा दर जाहीर करतं. आमच्यात नोव्हेंबर २०२५ ला गुर्लापूर क्रॉसला शेतकरी बसले, मागणी तोडणी-वाहतूक सोडून टनाला ३५०० ची. शेवटी ३३०० वर मिटलं, त्यात टनाला ५० रुपये राज्य सरकारनं स्वतः घातले. ह्याला म्हणतात राज्याचा अधिकार. पण तो बसल्याशिवाय हलत नाही.

आता गंमत. सप्टेंबर २०२३ ला पाऊस कमी होता, उसाची ओढ होणार हे दिसत होतं. महाराष्ट्र सरकारनं आदेश काढला, परराज्यात ऊस घालायला बंदी. म्हणजे शिरोळचा ऊस शिरोळातच. आरडाओरडा झाला, थोड्या दिवसांत मागं घेतला. माझा मेहुणा शिरोळला. तो म्हणाला, "पोरगी परराज्यात दिली तर चालते, ऊस घातलेला चालत नाही."

आणि ज्या कारखान्याचे सभासद दोन्ही राज्यांतले, तो बहुराज्य सहकारी. त्याला कायदा केंद्राचा, २००२ चा. सहकार राज्याच्या यादीत, पण शेअर हद्द ओलांडून गेला की दिल्ली आली. माझ्याकडं असाच एक शेअर आहे. सभेला गेलो की निम्मी भाषणं कन्नडात, निम्मी मराठीत, आणि साखर वाटताना कुणाला भाषा आठवत नाही.

हेब्बाळचा_ट्रॅफिक

मूळचा बेळगाव, सध्या बंगळूर. पैशाचा मोठा मुद्दा राहिला म्हणून लिहितो.

राज्यं वेगळं वागतात ते कुणाच्या पैशावर? पंधराव्या वित्त आयोगानं केंद्राच्या वाटायच्या करांपैकी ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात कर्नाटकाचा वाटा ४.७१३ वरून ३.६४७ वर आला. महाराष्ट्राचा ५.५२१ वरून ६.३१७ वर गेला. कारण? सूत्रात ४५ टक्के वजन "उत्पन्नाच्या अंतराला", म्हणजे वरच्या राज्यापासून तुम्ही दरडोई उत्पन्नात किती मागं आहात त्याला. बंगळूर पळालं आणि कर्नाटक श्रीमंत दिसलं. शिवाय लोकसंख्या १९७१ ऐवजी २०११ ची धरली. कुटुंब नियोजन करून पाळणा लांबवला त्याला बक्षीस म्हणून कमी वाटा. (ह्यासाठी वेगळं वजन घातलंय खरं, पण थोडं.) आणि उपकर, अधिभार यांतलं तर राज्याला वाटूनच मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ ला कर्नाटकाचं मंत्रिमंडळ दिल्लीत जंतरमंतरवर जाऊन बसलं ते ह्यासाठीच. मला त्यांचं म्हणणं पटतं.

खानापूरचा_पाऊस

@हेब्बाळचा_ट्रॅफिक, पटतं ना? मग हेच वाक्य जरा आमच्या तोंडून ऐका. "आमच्याकडून घेता तेवढं परत देत नाही, निर्णय लांब बसून घेता, इकडं वर्षातून एकदा येता." बंगळूर हे दिल्लीला म्हणतं आणि बेळगाव बंगळूरला. बेळगावातलं विधानभवन, सुवर्ण विधानसौध, २०१२ ला उभं राहिलं. अधिवेशन दहा-बारा दिवस, बाकी वर्षभर एवढी मोठी वास्तू महामार्गावरून बघायची. हैदराबाद कर्नाटकाला खास तरतुदीचं कलम ३७१(जे) मिळालं, आम्हाला नाही. २०२१ ला आमच्या भागाचं मुंबई कर्नाटक हे नाव बदलून कित्तूर कर्नाटक केलं, तेवढं झालं.

राज्य म्हणजे एक माणूस आहे असं धरून सगळे बोलताय. राज्याच्या पोटातही हद्दी असतात.

हेब्बाळचा_ट्रॅफिक

लागलं. पण बरोबर आहे.

व्यवस्थापक

धागा आतापर्यंत छान चाललाय. सीमाप्रश्न येणार हे माहीत आहे, तो मुद्द्यापुरता येऊ द्या. कुणाच्याही भाषेवर चिखलफेक दिसली तर प्रतिसाद उडेल, आधी विचारणार नाही.

जुना_बेळगावकर

व्यवस्थापकांनी नाव काढलंच म्हणून म्हातारा बोलतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मी प्राथमिक शाळेत होतो. आदल्या दिवशी मुंबई राज्यात झोपलो, सकाळी म्हैसूर राज्यात उठलो. कुणी घर हलवलं नव्हतं.

इथं सगळे "राज्याचा अधिकार" म्हणताय, त्यातली एक मेख सांगतो. आपल्याकडं राज्याला स्वतःच्या हद्दीचा अधिकार नाही. कलम ३ प्रमाणे संसद साध्या बहुमतानं हद्द बदलू शकते, नाव बदलू शकते, राज्य तोडू शकते. विधानसभेचं मत फक्त विचारायचं, ऐकलंच पाहिजे असं नाही. २०१४ ला आंध्रच्या विधानसभेनं नाही म्हटलं, तरी तेलंगण झालं. आमच्या बाबतीत सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ ला २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सांगितली, बेळगाव आहे तिथंच. महाराष्ट्रानं ते मानलं नाही. २००४ ला कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हाही संघराज्याचाच भाग, बरं का. दोन राज्यांत भांडण लागलं तर खालच्या कोर्टात जायचं नसतं. आता तारीख कधी, ते मी विचारायचं सोडलंय.

मात्र केंद्रानं राज्याचं सरकार पाडायच्या बाबतीत राज्यांना बळ मिळालं ते ह्याच मातीतून. एस. आर. बोम्मई आपले हुबळीकडचे. १९८९ ला त्यांचं सरकार कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, लावून बरखास्त केलं, ते कोर्टात गेले, आणि ११ मार्च १९९४ ला नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं. त्यानंतर ३५६ चा वापर किती कमी झाला ते बघा. हद्दीच्या प्रश्नावर त्यांच्या चिरंजीवांशी आमचं पटलं नाही कधी, पण ह्या निकालाबद्दल नाव घेतलंच पाहिजे.

कन्नड_पेपर_दुसरा

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. पगार कर्नाटक सरकारचा, पुस्तक मराठी, पाटी कन्नड आणि मराठी. माझी पोरं पहिलीपासून कन्नड शिकतात, इंग्रजी शिकतात, आणि घरी मराठी बोलतात. कन्नड येऊ नये असं कुणी म्हणत नाही. बाजारात, बँकेत, पोलीस स्टेशनात तेच लागतं. तालुक्याहून परिपत्रक आलं की मी आधी मोठ्यानं वाचते, मग शिपाईमामा अर्थ सांगतात. तेरा वर्षं झाली, आता मी त्यांना सांगते.

२०२५ मध्ये एक गोष्ट बघितली. महाराष्ट्रानं पहिलीपासून हिंदीचा आदेश एप्रिलमध्ये काढला, लोक चिडले, २९ जूनला मागं घेतला. इकडं कर्नाटकानं केंद्राचं शैक्षणिक धोरण बाजूला ठेवून आधीच स्वतःचा आयोग नेमला होता. अध्यक्ष कोण, तर आपले प्रा. सुखदेव थोरात, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी दोन भाषांची शिफारस केली. दिल्लीनं भाषा सांगू नये ह्यावर दोन्ही राज्यं एका सुरात. छान वाटलं. मग मनात आलं, माझ्या वर्गाचं काय? राज्य दिल्लीला म्हणतं, आमची भाषा आम्ही ठरवू. आम्ही राज्याला तेच म्हटलं की ते राजकारण होतं.

कलम ३५० अ अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणतं, पण "प्रयत्न करावा" एवढंच. प्रयत्नाला वर्गखोली लागते, शिक्षक लागतो. आणि हे फक्त आमचंच रडगाणं नाही. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळांतल्या बाईंशी मी बोलले आहे. वाक्यं तीच, फक्त राज्याचं नाव बदलायचं.

तंबाखूचं_पान

बाई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती कन्नड माध्यमाची, जतची. "होय की" म्हणाली.

दोन_एकर_ऊस

जतचं नाव निघालं म्हणून. २०२२ च्या अखेरीस जतच्या ४० गावांवरून केवढा गदारोळ झाला. ती गावं पाणी मागत होती. कुणी पाणी दिलं तर राज्य बदलू, असं वैतागून बोललेली. राज्याराज्यांत फरक असला की लोक पायानं मत देतात म्हणतात, म्हणजे बऱ्या राज्यात निघून जातात. ह्यांनी पाय न हलवता हद्दच हलवा म्हटलं.

उद्यमबागेतला_लेथवाला

पायानं मत द्यायचं तर शिनोळी बघा. बेळगावातून वेंगुर्ला रोडनं निघालात की बाचीनंतर महाराष्ट्र लागतो आणि औद्योगिक वसाहत दिसते. कामगार बेळगावचे, मालक पुष्कळ बेळगावचे, जीएसटी नंबर महाराष्ट्राचा. जागा, विजेचा दर, सवलती, सगळं जोडून बघतात आणि तिकडं शेड टाकतात. आणि काही तिकडचे इकडं. ज्याच्याकडं शेड टाकायला पैसा आहे त्याला दोन राज्यं म्हणजे दोन दुकानं. ज्याच्याकडं फक्त रेशन कार्ड आहे त्याला एकच.

वेदगंगाकाठ

@लेथवाला, हे तुम्ही लिहिलंत ते मला चार दिवस सापडत नव्हतं. वेगळं वागायची मुभा सरकारला आहे, आणि थोडी पैसेवाल्याला. आमच्या आईला ती दोन चिठ्ठ्यांपुरती.

तरी मी चुलतभावाकडं जाणार नाही. मुभा काढून घेण्यापेक्षा ती माणसामागून जावी असं काहीतरी पाहिजे. महाराष्ट्रानं थोडं करून बघितलंय. सीमाभागातल्या मुलांना वैद्यकीय, अभियांत्रिकीला राखीव जागा आहेत, २०२३ ला ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली. त्यावर कर्नाटकानं लगेच हरकत घेतली, आमच्या हद्दीत तुमची योजना कशी म्हणून. हरकत कायद्यानं चुकीची आहे असंही नाही. आणि करोनात ह्याच कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर मागत होते तेव्हा आक्काला आठ किलोमीटरवरून परत पाठवलं होतं. तोही अधिकारच होता राज्याचा.

सून_संकेश्वरची

चर्चा मोठी आहे, माझा प्रश्न लहान आहे. माहेर गडहिंग्लज. लग्न होऊन दीड वर्ष झालं. सासरच्या रेशन कार्डात अजून नाव नाही, माहेरच्या कार्डात अजून आहे. बाळ होणार आहे. आधी कुठं जायचं?

कन्नड_पेपर_दुसरा

आधी माहेरी. गडहिंग्लजला नाव कमी करून घ्या आणि नाव कमी केल्याचा दाखला मागा, तो हातात घेतल्याशिवाय उठू नका. लग्नाचं प्रमाणपत्र, आधारवर सासरचा पत्ता. आधारचं काम आजच करा, कारण शक्तीचं झिरो तिकीटही त्याच पत्त्यावर मिळतं. मग संकेश्वरला अर्ज. दाखला मराठीत असेल, समोरचा वाचता येत नाही म्हणाला तर सोबत कन्नड भाषांतर ठेवा. मी करून देते, व्यक्तिगत निरोपात फोटो टाका.

सून_संकेश्वरची

बाई, खूप आभार. सोमवारी जाते. हिटणी नाक्यापर्यंत दीर सोडतो म्हणालाय, पुढं लाल गाडी.

वेदगंगाकाठ

चिठ्ठी जपून ठेवा.